समासातली सही

साताऱ्यात चित्रांच्या प्रिंट विकायला मांडल्या की गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं आणि मग बोट ठेवून विचारतं, "ही सही हाताने केलीय, का छापूनच आलीय?" प्रश्न रास्त आहे. इकडच्या कितीतरी जुन्या घरांत रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील तसबिरी, अजून भिंतीवर आहेत. चित्राच्या कोपऱ्यात सही दिसते खरी, पण तीही रंगांबरोबर दगडावरून छापलेली. १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याला देवदेवता घरोघरी पोचवायच्या होत्या, एकेक प्रत हातात घेऊन सही करत बसायचं नव्हतं. औंधला श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रंही बघायला मिळतात. त्यामुळे छापील सही आणि हातची सही यांतला फरक इथल्या माणसाला समजवावा लागत नाही, फक्त भिंग हातात द्यावं लागतं. दहापट भिंगाखाली इंकजेटने छापलेली सही बारीक ठिपक्यांची दिसते. पेन्सिलची सही कागद तिरपा धरला की चमकते आणि कागदाच्या उंचवट्यांवर बसून खळगे सोडून जाते.

चित्राखालच्या कोऱ्या समासात सही कशाने आणि कुठे करावी हे ठरवायचं होतं, तेव्हा आमच्याकडे सहीसाठी दोन जातींचा माल होता. एक लिनोकट: लिनोलियमवर हाताने कोरलेले मेणवलीचा घाट आणि अजिंक्यतारा, पुण्याहून आणलेल्या साधारण १२० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) हातकागदावर लाकडी चमच्याच्या पाठीने घासून छापलेले. दुसरी जात जलरंगातल्या चित्रांच्या इंकजेट प्रिंट, ज्यांना बाजारात 'झिक्ले' म्हणतात. त्या दोन कागदांवर होत्या: ३०८ जीएसएमचा मॅट कॉटन रॅग, म्हणजे बिनचमकीचा सुती कागद, आणि २६० जीएसएमचा किंचित चमकीचा लस्टर फोटोपेपर. तिन्ही कागदांवर एकच पेन चालेल हा पहिला समज, आणि तो पहिल्याच दिवशी मोडला.

चाचणीसाठी प्रत्येक कागदाच्या वाया गेलेल्या प्रतींतून दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर सात गोष्टींनी सही केली: एचबी पेन्सिल, २बी पेन्सिल, पिगमेंट शाईचा लायनर (साकुरा पिग्मा मायक्रॉन, ०५ नंबर), काळं जेल पेन, निळं बॉलपेन, परमनंट मार्कर आणि सोनेरी पेंट मार्कर. मग एक मिनिटाने, दहा मिनिटांनी आणि चोवीस तासांनी कापसाच्या बोळ्याने घासून पाहिलं. एका सहीवर पाण्याचा थेंब सोडला. एक पट्टी ग्लासिन या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाखाली घालून वर दोन किलोचं वजन रात्रभर ठेवलं. आणि एक जोडी पश्चिमेच्या खिडकीत चिकटवली, अर्धी उघडी, अर्धी काळ्या कागदाने झाकलेली, मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत. पट्टी झाकली नाही तर किती उडालं हे डोळ्याला कळत नाही, कारण जुनी सही आठवणीत नेहमी गडदच असते.

बॉलपेन सगळ्यांत आधी बाद. निळा रंग मेअखेर फिका जांभळट झाला, आणि गोळीच्या दाबाने कॉटन रॅगवर घळ पडली ती वेगळीच. परमनंट मार्करने हातकागदावर पाय पसरले: अक्षराभोवती पिवळट कडा आली आणि शाई मागून दिसायला लागली. जेल पेनची रेघ सुंदर उठते, पण लस्टर कागदावर तासाभरानेही बोटाला लागत होती. सोनेरी मार्करचा मोह सगळ्यांना पडतो. तो हलवून दाबला की पहिल्या अक्षरावर टिपका सांडतो, आणि वजनाखाली ठेवल्यावर सोनं ग्लासिनला चिकटून आलं. काळ्या पार्श्वभूमीच्या चित्रात आतल्या बाजूला सही करायची असेल तरच त्याचा विचार करावा, आणि तेव्हाही आधी टाकाऊ कागदावर टोक चालू करून घ्यावं.

राहिले पेन्सिल आणि पिगमेंट लायनर. पेन्सिलचं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. उन्हाने ते उडत नाही, पाण्याने पसरत नाही, कागदाला आम्ल देत नाही. हातकागदावर आणि कॉटन रॅगवर २बी उत्तम बसली. एचबीसुद्धा चालते, पण हात जड असेल तर ती खोल जाते. त्याहून कडक, २एचसारखी पेन्सिल घेतली तर रेघ फिकट आणि चर मात्र खोल. ४बी नको, बाजूच्या प्रतीला काळं फासते. लस्टर कागदावर मात्र पेन्सिल नुसती घसरली. रेघ करडी, चकचकीत, बोळ्याने निम्मी पुसली गेली. हा कागद प्लॅस्टिकच्या थराचा, पेन्सिलला धरायला त्याला दातच नाहीत. तिथे पिगमेंट लायनर, आणि सही केल्यावर चोवीस तास प्रती एकावर एक ठेवायच्या नाहीत.

मग कॉटन रॅगवरही लायनरच का नको? कारण मॅट कागदावर शाई झेलण्यासाठी पांढरा भुकटीसारखा लेप असतो, आणि तो लायनरच्या टोकात भरतो. आठ-दहा सह्यांनंतर रेघ तुटायला लागली. दर दोन-तीन सह्यांनंतर टोक साध्या कागदावर फिरवून घेतलं तर काम चालतं, पण पेन्सिलला हा त्रासच नाही.

पेन्सिलची खरी अडचण कागदाशी नाही, गिऱ्हाइकाशी आहे. आपल्याकडे पेन्सिलचं ते कच्चं आणि पेनाचं ते पक्कं, हे बँकेच्या स्लिपांपासून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत मनात मुरलेलं आहे. "पुसता येईल की हो," असं हमखास ऐकायला मिळतं. तेव्हा सरळ एक बाद प्रत आणि खोडरबर समोर ठेवायचा. लेप असलेल्या कागदावर रबर फिरवला की सही जाते, पण तिथला लेप घासून एक तुकतुकीत डाग उरतो, तो तिरप्या उजेडात लगेच दिसतो. हातकागदावर तंतू उसवतात. म्हणजे पेन्सिल पुसता येते, पुसल्याचं लपवता येत नाही. उलट पेनाने केलेली सही स्कॅन करून पुन्हा छापता येते आणि लांबून ओळखू येत नाही. ग्रॅफाइटची चमक मात्र इंकजेटला साधत नाही. समासात पेन्सिलने सही करण्याची रीत १८८०च्या दशकात व्हिसलरसारख्या मुद्राचित्रकारांनी रुळवली. त्याआधी सही किंवा चिन्ह छपाईच्या प्लेटमध्येच कोरलेलं असे, जर्मन चित्रकार ड्यूररचं 'ए'च्या पायांत बसवलेलं 'डी' हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

मूळ जलरंगाच्या कोपऱ्यात सही असतेच, ती प्रिंटमध्येही उतरते. ती संगणकावर पुसून टाकावी का यावर बराच खल झाला. ठेवली. छापील सही चित्र कुणाचं हे सांगते, समासातली हातची सही ही प्रत चित्रकाराने पाहून पास केली हे सांगते. दोन्ही असायला हरकत नाही, फक्त छापील सहीच्या जिवावर 'साइन्ड प्रिंट' म्हणून पैसे घेऊ नयेत.

जागेचा विषय सगळ्यांत किचकट, आणि त्यात देवनागरी सहीचा वेगळा हिशेब. रूढ मांडणी अशी: चित्राच्या खाली डावीकडे प्रतिक्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. इंग्रजी सहीला आठ मिलिमीटर उंची पुरते. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली लोंबतो, आणि शिरोरेघ वेगात ओढली की उजवीकडे सुटते. आमच्या मापात एका सहीला उंची १३ ते १४ मिलिमीटर लागली. शिरोरेघेच्या वर जागा सोडली नाही तर वेलांटी थेट चित्रात घुसते, आणि चित्राच्या शाईवर पेन्सिल चालली की तिथे पांढरा ओरखडा उठतो. यावर उपाय म्हणून माउंटबोर्डच्या पट्टीत ७० बाय १४ मिलिमीटरची खिडकी कापली. पट्टीची वरची कड चित्राच्या खालच्या कडेला टेकवली की खिडकी बरोबर चार मिलिमीटर खाली येते. खिडकीची उजवी कड चित्राच्या उजव्या कडेला जुळते, म्हणजे शेवटचं अक्षर चित्राच्या रुंदीबाहेर जात नाही. हे महत्त्वाचं, कारण फ्रेमवाला माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी चित्राच्या रुंदीवरून कापतो आणि बाहेर गेलेलं अक्षर माउंटखाली जातं.

बँकेतली सही इथे वापरू नये. प्रिंटचे फोटो मोबाइलवरून शंभर ठिकाणी जातात, चेकवरची सही अशी वाटत फिरण्यात अर्थ नाही. पूर्ण आडनाव सुटं, वाचता येईल असं लिहिलं तर उत्तम. गिचमिड सहीने चित्रकाराचं नाव वीस वर्षांनी कुणाला लागत नाही.

आता क्रमांक. १२/५० याचा अर्थ पन्नासांच्या आवृत्तीतली बारावी प्रत. यातला पन्नास हा शब्द दिल्यासारखा आहे, बदलता येत नाही. वरचा आकडा लहान म्हणजे प्रत चांगली, ही समजूत ड्रायपॉइंटला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेल्या चित्राला, खरी आहे, कारण सुईने उठलेली धातूची कोर दाबाखाली लवकर बसते आणि पहिल्या प्रतींची मखमली रेघ पुढे मिळत नाही. तीस-पन्नास प्रतींच्या लिनोकटला त्यात काही तथ्य नाही. छापल्या क्रमाने क्रमांक पडले पाहिजेत असंही नाही. वाळायला टांगलेल्या प्रती कशाही उतरतात.

आवृत्तीबाहेर कलाकाराच्या प्रती ठेवतात, त्यांवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहायचं, मराठीत 'क. प्र.' लिहिलं तरी कुणी अडवत नाही. रूढ प्रमाण आवृत्तीच्या दहा टक्क्यांपर्यंत: तीसच्या आवृत्तीला तीन. डाग पडलेली किंवा चुकीचा आकडा पडलेली प्रत 'ए/पी' करून खपवण्याचा मोह होतो. तसं केलं की ए/पी म्हणजे दुय्यम माल असा अर्थ लागायला लागतो. बाद ती बाद. मागे 'रद्द' लिहून कोपरा फाडायचा आणि नोंदवहीत तसं मांडायचं. आवृत्ती पुरी झाली की लिनोच्या ठोकळ्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक चर मारायचा आणि त्याची एक प्रत छापून वहीला लावायची.

इंकजेट प्रिंटला क्रमांक घालायचा का, इथे मतभेद होते आणि अजूनही आहेत. फाइल संगणकात आहे तोवर एकावन्नावी प्रत काढायला पाच मिनिटं लागतात, झिजणारं काहीच नसतं. त्यात ए-४ मध्ये पन्नास, ए-३ मध्ये तीस, कॅनव्हासवर आणखी दहा अशा आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीवर 'मर्यादित' लिहिलेलं असतं. कायदेशीर परिभाषाही इथे कडक आहे: कस्टम टॅरिफच्या ९७व्या प्रकरणात मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ म्हणजे कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट निघालेल्या प्रती, त्यांत यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक प्रक्रिया बसत नाही. तेव्हा आमच्याकडे असं ठरलं: लिनोकटला क्रमांक, शीर्षक, सही. इंकजेटला फक्त सही आणि छपाईचं वर्ष. पोस्टकार्डांना काहीच नाही. क्रमांक नसल्यामुळे इंकजेटची किंमत थोडी कमी येते, ती येऊ द्यावी.

वर्षाचीही एक गोची आहे. चित्र २०१९ चं, प्रिंट २०२४ ची. समासात छपाईचं वर्ष लिहायचं, चित्राचं वर्ष सोबतच्या कार्डावर. त्या कार्डावर शीर्षक, मूळ चित्राचं माध्यम, प्रिंटचा प्रकार, कागद, माप, आवृत्ती आणि नोंदवहीतला अनुक्रमांक एवढं पुरतं. प्रिंट विकली म्हणून कॉपीराइट जात नाही, त्याला १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार लागतो, हेही एका ओळीत घालून ठेवलं. विकत घेतलेल्या प्रिंटवरून कॅलेंडर छापायला निघालेले लोक दरवर्षी भेटतात.

आकडे देवनागरीत लिहायचे तर १ आणि ९ नीट वेगळे काढावे लागतात. घाईतला १ शेजारच्या तिरक्या रेघेत मिसळतो आणि ११/३० हे भलतंच काही दिसतं. रेघ आडवी काढून वर-खाली आकडे लिहिले की हा घोळ मिटतो.

प्रत्यक्ष सहीची बैठक. टेबलावर काच टाकायची. खाली वर्तमानपत्राची गादी असेल तर पेन्सिल कागदाला दाबून मागे फुगवटा आणते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे, क्रीम लावलेलं नको. मॅट कागदावरचा तेलकट ठसा आज दिसत नाही, महिन्याभराने पिवळा दिसतो. डाव्या हातात नायट्राइल रबराचा हातमोजा, उजव्या तळव्याखाली ग्लासिनचा तुकडा. बेकरीतला बटर पेपर इथे वापरू नये, त्याच्यावर लेप असतो. पेन्सिल टोकदार करून आधी रद्दी कागदावर आठ-दहा वेळा फिरवून टोक किंचित बोथट करायचं. ताजं टोक पहिल्या अक्षराला मॅट लेपात रुतून मोडतं आणि त्याचा कण पुढच्या अक्षराखाली चिरडला जातो. तो कण हाताने झटकायचा नाही, मऊ ब्रशने उचलायचा.

क्रम असा: आधी सगळ्या प्रतींवर क्रमांक, मग शीर्षक, सही शेवटी. आकडा चुकला तर ती प्रत सही होण्याआधीच बाजूला जाते, आणि बाद प्रतीवर सही कधीच पडत नाही. वहीत क्रमांक आधीच लिहून ठेवायचे आणि एकेक टिकमार्क करत जायचं, नाहीतर १४ दोनदा पडतो. अक्षरं आधी, शिरोरेघ सगळ्यांत शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात, पट्टीच्या खिडकीची कड येण्याआधी हात उचलून. एका बैठकीत पंचवीसच्या वर सह्या करू नयेत. त्यापुढे शिरोरेघ चढायला लागते आणि पहिली-तिसावी प्रत शेजारी ठेवली तर दोन माणसांच्या सह्या वाटतात.

लिनोकटची तेलाची शाई वाळल्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही. ती हवेतल्या ऑक्सिजनने वाळते. एप्रिलमध्ये चार दिवसांत हाताला लागेनाशी झाली, जुलैमधल्या छपाईला तीन आठवडे लागले. पावसाळ्यात हातकागदही ओल धरून लहरतो, आणि ओल्या कागदावर २बी नांगरासारखी चालते. कास पठारावरच्या फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो म्हणून जुलैत घाईने सह्या उरकल्या, त्यातल्या सहा प्रती तंतू उसवल्यामुळे बाद झाल्या. पुढची छपाई मे महिन्यातच आटोपून, सह्या करून, प्रती सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवल्या.

उंचवट्याचा शिक्का, म्हणजे नोटरी वापरतात तसलं एम्बॉस सील, हाही पर्याय पाहिला. रबरी शिक्के करणारे ते देवनागरीतही करून देतात. हातकागदावर ठसा झकास उठला. कॉटन रॅगवर अंधूक आला, आणि जोर देऊन पुन्हा दाबला तर दुहेरी. शिवाय हातातल्या सीलचं तोंड कडेपासून फार तर दीड इंच आत पोचतं. लिनोकटपुरता तो ठेवला, सहीच्या जागी नव्हे, सहीखेरीज.

मागे सही करावी का? समोरचा समास स्वच्छ राहतो म्हणून काहींना ते आवडतं. पण आपल्याकडचे बरेच फ्रेमवाले चित्र फेविकॉलने हार्डबोर्डला चिकटवून टाकतात, वर लॅमिनेशनही मारतात. मागची सही त्या दिवशी संपली. आणि समोरची वाचवायची तर मापाचं बघावं लागतं. फ्रेमवाला इंचांत बोलतो: ८ बाय १०, १२ बाय १५, १२ बाय १८. ए-३ कागद १६.५ इंच लांब, तो तयार १२ बाय १५ च्या फ्रेममध्ये बसवायचा तर दीड इंच उडवायलाच हवा, आणि तो खालचा उडतो, कारण खाली समास जास्त दिसतो. एका गिऱ्हाइकाची प्रत अशीच क्रमांक आणि सहीसकट कापून आली. तेव्हापासून कागदच १२ बाय १८ इंचांचा धरला: चित्र ९ बाय १४, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, वर पावणेदोन, खाली सव्वादोन. माउंटची खिडकी तीन बाजूंनी पाच मिलिमीटर आणि खालून वीस मिलिमीटर मोकळी ठेवायला सांगायची. तोंडी सांगितलेलं दुकानापर्यंत पोचत नाही, म्हणून प्रत्येक पाकिटात आता पिवळ्या कागदाची चिठ्ठी असते: 'फ्रेमवाल्यासाठी. चिकटवू नये, लॅमिनेशन नको. खालचा समास कापू नये, सही तिथे आहे.'